एक ऑगस्ट, एका टेबलावरचे दोन फोटो

टेबलावर धुतलेली चादर, चादरीवर दोन फोटो, दोन्हींना झेंडूचे हार आणि मध्ये उदबत्तीचं घर. मग ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये एक ऑगस्ट असा उजाडतो. पगडीवाल्या फोटोवरच्या भाषणात शेंगांची टरफलं हमखास येतात, दुसऱ्यावरच्या भाषणात दीड दिवसाची शाळा. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती एका दिवशी आली की वेळही वाचतो. पण या दोन घटनांचं सालही एकच आहे, १९२०, हे त्या भाषणांत क्वचितच येतं.

त्या दिवशी रविवार होता. लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृहात उतरले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही इमारत पोलीस आयुक्तालयाच्या अगदी समोर आहे. सरकारने ज्यांना सहा वर्षं मंडालेत ठेवलं, त्यांचा मुंबईतला मुक्काम पोलिसांच्या दारातच असे. मध्यरात्र उलटून तास व्हायच्या आत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न करता गिरगाव चौपाटीवर करायचे ठरलं आणि त्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. पद्मासनात बसवलेला देह आणि भर पावसात चालणारा लाखोंचा समुदाय. खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते.

याच तारखेला असहकाराची सुरुवात करायची, हे आधीच जाहीर झालेलं होतं. गांधीजींचं व्हाइसरॉयना लिहिलेलं पत्र १ ऑगस्टचंच आहे. त्यात त्यांनी ‘कैसर-ए-हिंद’ आणि आफ्रिकेतल्या युद्धांतल्या सेवेसाठी मिळालेली पदकं परत केली. एक पर्व संपलं आणि दुसरं सुरू झालं, असं आपण सवयीने म्हणून टाकतो. इथे मात्र दोन्ही खरोखरच एका दिवसात घडलं. पुढे याच चळवळीसाठी टिळकांच्या नावाने एक कोटीचा स्वराज्य फंड जमवला गेला.

आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी मुलगा झाला. गावकुसाबाहेरची मांगवस्ती. नाव ठेवलं तुकाराम. मुंबईतल्या गर्दीला ही बातमी कळण्याचं काही कारणच नव्हतं. तुकारामचा अण्णाभाऊ व्हायला अजून अवकाश होता.

दोन्ही फोटोंना जोडणारा खरा धागा मला तारखेपेक्षा गिरणगावात दिसतो. टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली ती २२ जुलै १९०८च्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता (कॅलेंडर इथेही खोडी काढतंच), आणि त्याच दिवशी गिरणी कामगारांनी संप सुरू केला. सहा वर्षांची शिक्षा, म्हणून सहा दिवस भोंगे वाजून वाया गेले. गोळीबार झाला, माणसं मेली. या संपाची दखल लेनिननेही आपल्या लेखात घेतली.

वाटेगावचं ते पोर बापाबरोबर पायी चालत मुंबईला आलं, ते याच कामगारांच्या वस्तीत. हमाली, फेरीवाल्याची कामं, गिरणी असं सगळं त्याने केलं. मग डफ हातात आला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याची ‘माझी मैना’ ही लावणी चाळीचाळीत पोचली. शाळेत न टिकलेल्या या माणसाने पुढे पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या ‘फकिरा’ला राज्य पुरस्कार मिळाला आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. लेनिनच्या देशातही ते १९६१मध्ये जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिलं.

तलाठ्याला विचाराल तर एक ऑगस्टचं तिसरंच कारण सांगेल. महसुली वर्ष याच दिवशी सुरू होतं, म्हणून हा महसूल दिन. तहसील कचेरीतही फोटो आणि हार असतात, शिवाय गुणवंत कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रं.

अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहत. १८ जुलै १९६९ला ते गेले, तेव्हा एकोणपन्नास पुरी व्हायला चौदा दिवस उरले होते.