बिघडलेल्या जनुकांचं बळ

गॅसवर दूध ठेवून आई बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत बसलेली असते. बोलता बोलता उठते, आत जाते, गॅस बंद करते. दूध नेमकं काठाशी आलेलं असतं. पूर्वी अशा बाईला 'तिखट नाकाची' म्हणायचे. आताची पोरं म्हणतात, 'ही आईची सुपरपॉवर आहे.'

हा शब्द फिरत फिरत इथवर आला आहे. 1921 मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने एक अहवाल काढला होता. बॉस्टन ते वॉशिंग्टन पट्ट्यातली वीजकेंद्रं एकाच जाळ्यात जोडायची, अशी योजना त्यात होती आणि तिचं नाव होतं 'सुपरपॉवर सिस्टिम'. तिथे पॉवर म्हणजे चक्क वीज! 1944 मध्ये विल्यम फॉक्स या अभ्यासकाने हाच शब्द अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन या तीन देशांना लावला. त्या अर्थाला आपण 'महासत्ता' म्हणतो. कॉमिक्समधल्या उडणाऱ्या वीराला मात्र तो शब्द शोभत नाही. अणिमा, लघिमा वगैरे 'सिद्धी' आपल्याकडे आहेत खऱ्या, पण सिद्धीला साधना लागते. सुपरपॉवर जन्मतः येते, नाहीतर कोळी चावल्यावर.

कोळ्याचं सोडून देऊ. जन्मतः येणारी मात्र खरोखर सापडते, आणि जनुकं तपासली की बऱ्याचदा तिच्या मुळाशी काहीतरी मोडलेलं निघतं.

फिनलंडचा ईरो मँटिरांटा हा स्कीपटू. 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने 15 आणि 30 किलोमीटर या दोन्ही शर्यतींत सुवर्ण मिळवलं. त्याचं हिमोग्लोबिन 20 च्या वर असायचं. पुरुषांमध्ये ते साधारण 13 ते 17 असतं. अर्थातच लोकांना संशय आला. खुलासा 1993 मध्ये झाला. आपली मूत्रपिंडं ईपीओ नावाचं संप्रेरक सोडतात आणि ते अस्थिमज्जेला लाल पेशी वाढवायला सांगतं. हा निरोप घेणाऱ्या प्रथिनाच्या शेपटीत 'आता पुरे' म्हणणारा भाग असतो. मँटिरांटाच्या घराण्यात ती शेपटीच तुटलेली होती. गाडीचा ब्रेक गेला आणि शर्यत जिंकली, असा हा प्रकार.

पीसीएसके9 या प्रथिनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलणारे यकृताचे 'हात' हे प्रथिन मोडून टाकतं. ज्यांच्यात त्याचं जनुक निकामी असतं, त्यांचं कोलेस्टेरॉल जन्मभर कमी राहतं आणि हृदयविकारही कमी होतो. डॅलसच्या हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी हे दाखवून दिलं. 2015 पासून या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शनंही मिळू लागली. इतकी स्वस्तात पडलेली सुपरपॉवर मला तरी दुसरी माहीत नाही.

कारण बहुतेकींची किंमत चुकवावी लागते. उत्तर पाकिस्तानातला एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायची, निखाऱ्यांवरून चालायचं. त्याला दुखायचंच नाही. संशोधक त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच, चौदाव्या वाढदिवशी, घराच्या छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांमध्ये अशीच आणखी मुलं सापडली. लहानपणी स्वतःचेच दात लागून सगळ्यांच्या ओठांना किंवा जिभेला जखमा झालेल्या होत्या. हाड मोडलं तरी कळायचं नाही, म्हणून पोर तसंच खेळत राहायचं.

2006 मध्ये कारण सापडलं: एससीएन9ए हे जनुक. वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंच्या आवरणात सोडियम आत घेणाऱ्या बारीक खिडक्या असतात. त्यांतली एनएव्ही1.7 नावाची खिडकी या जनुकामुळे घडते. ती उघडत नसेल, तर त्वचा भाजते, पण मेंदूकडे निरोप निघतच नाही. स्पर्श कळतो, गरम-गार कळतं. दुखणं तेवढं गायब.

औषध कंपन्यांनी ही खिडकी बंद करणारी गोळी शोधायची खूप धडपड केली. ती अजून हाती लागलेली नाही, पण तिच्या भावंडाला, एनएव्ही1.8 ला, बंद करणारं सुझेट्रिजिन हे औषध जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. अफूच्या जातीची वेदनाशामकं मेंदूवर काम करतात आणि त्यांची चटक लागते. हे औषध मेंदूच्या बाहेरच्या तंतूंवर काम करतं, म्हणून त्याचं एवढं कौतुक.

एनएव्ही1.7 ची आणखी एक बाजू 2011 मध्ये कळली. नाकातले चेतातंतूही गंधाचा निरोप पुढे द्यायला हीच खिडकी वापरतात. त्यामुळे वेदना न कळणाऱ्या या माणसांना वासही येत नाही. गॅसवरचं दूध करपलं तरी त्यांना पत्ता नसतो, आणि ते भांडं उघड्या हातांनी उतरवलं तरी चटका लागल्याचं कळत नाही.