ऑ पेअर म्हणजे चोवीस तासांची कामवाली नव्हे

‘ऑ पेअर ठेवली की घरकामाचा प्रश्न स्वस्तात मिटला’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. ऑ पेअर म्हणजे परक्या देशात भाषा आणि तिथलं जगणं शिकायला आलेली तरुण मुलगी (किंवा मुलगाही!). राहणं-जेवण आणि हातखर्च यजमानांकडे, बदल्यात मुलं सांभाळायला हातभार. युरोप परिषदेच्या १९६९ च्या करारानुसार काम साधारणपणे दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नसावं, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, भाषेच्या वर्गाला वेळ आणि शक्य असल्यास स्वतंत्र खोली हवी. अमेरिकेत मर्यादा सैल, दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तास. पण काम मुलांपुरतंच. म्हणजे मुलाचा डबा भरणं, त्याचे कपडे आवरणं तिचं. अख्ख्या घराची धुणीभांडी नाहीत.

खरी गोची ‘घरचीच आहे’ या लाडिक वाक्यात असते. रात्री नऊला ‘जरा पोरांकडे बघशील?’ म्हटलं, तर नव्या घरात आलेली मुलगी नाही म्हणणार कशी? म्हणून वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत बसून लिहा, आणि असे ‘जरा’वाले तासही त्यात धरा.