'स्वमग्न मूल दिव्यांगांत मोडत नाही' हे खरं नाही

नवी मुंबईत अजूनही पालकांना सांगितलं जातं, "हात-पाय धड आहेत, मग दिव्यांगत्वाचा दाखला कसला?" हे साफ चूक आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता (ऑटिझम) नव्हती; समज तिथूनच आला असावा. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, थॅलेसेमियाही आहे.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, फुकट. एजंटला एक रुपयाही देऊ नका! स्वमग्न मुलांसाठी 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. आणि थेरपी, विशेष शिक्षण हवं असेल तर वाशीत महापालिकेचंच ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे. मूल लहान असतानाच तिथे चौकशी करा.