गेम लावला की पीसी का बंद पडतो?

स्वतः एकेक पार्ट निवडून जोडलेला पीसी दिवसभर ब्राउझर, व्हिडिओ, एडिटिंग सगळं मुकाट्याने करतो. रात्री एखादा भारी गेम लावला की थोड्याच वेळात स्क्रीन काळी पडते आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. मग विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडलं जातं. तिथे लाल खुणेची एक ओळ दिसते: ‘कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१’. ‘पॉवर’ हा शब्द वाचला की निकाल लागतो, एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला जातो आणि पुष्कळदा गेम पुन्हा तसाच पडतो.

ही समजूत इतकी पसरली आहे की आधी तिच्याचबद्दल बोलायला हवं. ४१ क्रमांकाची नोंद मशीन बंद पडताना होत नाही, तेवढी सवडच त्याला मिळत नाही. पुढच्या वेळी विंडोज सुरू होतं, मागच्या वेळी रीतसर शट डाउन झालं नव्हतं हे त्याला कळतं, आणि तेव्हा ती ओळ लिहिली जाते. घरची वीज गेली तरी हीच नोंद, आणि सगळं गोठल्यावर तुम्ही पॉवर बटण दाबून धरलंत तरी हीच. कामाची गोष्ट तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असते. तिथे ‘बगचेककोड’समोर शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर विंडोज ब्लू स्क्रीनपर्यंत, म्हणजे बिघाड कळवणाऱ्या निळ्या पडद्यापर्यंत, पोहोचलं होतं. अशा वेळी रॅम, ड्रायव्हर, प्रोसेसर यांच्याकडे वळावं. शून्य असेल तर एकतर मशीन पूर्ण गोठलं किंवा वीजच तुटली.

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे उष्णता. पण आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डं तापली की आधी स्वतःचा वेग कमी करतात. गेम अडखळायला लागतो, फ्रेम रेट घसरतो. तापमान सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास असताना क्षणात अंधार झाला, तर पंख्यांवर पैसे घालण्याआधी वीज कशी पोहोचते ते पाहावं. हा भाग मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेतलं सूत्र आठवा: वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. ३०० वॅटचं ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच्या तारांमधून २५ अँपिअर ओढतं. कार्डावरची मुख्य चिप मात्र जेमतेम एक व्होल्टवर चालते. म्हणजे तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो! व्होल्टेज उतरवण्याचं हे काम कार्डावरचं व्हीआरएम नावाचं सर्किट करतं. ही शेकडो अँपिअरची मागणी एकसारखीही नसते. एक फ्रेम संपते, पुढची सुरू होते, स्फोटाचं दृश्य येतं, आणि चिपमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर काही मायक्रोसेकंदांत कामाला लागतात. सरासरी ३०० वॅट ओढणारं कार्ड अशा क्षणी त्याच्या दुपटीच्या घरातही जाऊ शकतं.

एसएमपीएसमध्ये कॉइल असतात आणि कॉइलमधला प्रवाह एकदम बदलत नाही. एसएमपीएसच्या नियंत्रक सर्किटलाही सावरायला वेळ लागतो. तेवढा वेळ कपॅसिटरनी साठवलेला विद्युतभार द्यायचा असतो. समजा मागणी अचानक २० अँपिअरने वाढली आणि १०० मायक्रोसेकंद टिकली. २० गुणिले ०.०००१ म्हणजे ०.००२ कूलोम. हा सगळा भार ३,३०० मायक्रोफॅरड धारकतेच्या कपॅसिटरमधूनच आला असं धरलं, तर भार भागिले धारकता या हिशेबाने व्होल्टेज सुमारे ०.६ व्होल्टने उतरेल. १२ व्होल्टच्या तारेला जुन्या मानकाने दिलेली सूट किती? पाच टक्के, म्हणजे बरोबर ०.६ व्होल्ट. प्रत्यक्षात एसएमपीएसही त्या वेळात थोडा प्रवाह वाढवतो, पण कपॅसिटर हलक्या दर्जाचे किंवा जुने झालेले असतील तर मर्यादा किती जवळ असते ते यावरून कळतं.

व्होल्टेज फार उतरलं किंवा प्रवाह ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की एसएमपीएसमधली संरक्षक चिप पुरवठा तोडते. काही एसएमपीएस त्यानंतर मागचा स्विच बंद करून पुन्हा लावेपर्यंत उठतच नाहीत. तसं होत असेल तर तो मोठा पुरावा आहे. ग्राफिक्स कार्डावर मुद्दाम भार टाकणारी फरमार्कसारखी चाचणी अर्धा तास सुरळीत चालते आणि गेम मात्र पडतो, याचंही एक कारण इथेच सापडतं. ती चाचणी भार जड ठेवते, पण बराचसा स्थिर. गेम त्याला सतत झटके देतो.

उद्योगालाही याची दखल घ्यावी लागली. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात जास्त वॅटच्या एसएमपीएसने नोंदवलेल्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंद पेलावा अशी अट आहे. एसएमपीएस घेताना ही ओळ शोधा. खोक्यावरच्या ‘गोल्ड’ बिल्ल्याला भुलू नका. ८० प्लसचा बिल्ला फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे किती वीज वाया जाते तेवढंच. झटका कसा पेलला जाईल याबद्दल त्यात अक्षरही नाही. कॅबिनेटची दिशा बदलून किंवा दर महिन्याला विंडोज फॉरमॅट मारूनही तो झटका कमी होत नाही.

मग घरी तपासायचं कसं? कार्डाला दोन आठ-पिनी जोडण्या असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांऐवजी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. तरी गेम पडला तर आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, फ्रेम रेट ६० वर बांधा आणि तोच गेम खेळा. पडणं थांबलं तर संशय मुख्यतः एसएमपीएस आणि कार्ड या दोघांवर येतो. त्यांतला नेमका कोण, हे मित्राचा एसएमपीएस एक दिवस लावून बघितल्यावर कळतं. फरक पडला नाही तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करून रॅम मूळ वेगावर आणा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा. एका वेळी एकच पायरी, नाहीतर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

एवढं करूनही आरोपी भलताच निघू शकतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं तसंच झालं. अनरिअल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरचे गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, भरपूर मेमरीच्या कार्डांवरसुद्धा. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष होता प्रोसेसरमध्ये. जास्त व्होल्टेजमुळे त्यातलं क्लॉकचं, म्हणजे कामाचा ताल राखणारं, सर्किट हळूहळू झिजत होतं आणि मग शेडर (गेमची चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) उलगडतानाची आकडेमोड चुकायची. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि बाधित मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या पीसीत या पिढ्यांचा आय७ किंवा आय९ असेल तर बायोस आजच अपडेट करा. झिजलेली चिप त्या अपडेटने बरी होत नाही. क्रॅश चालूच राहिले तर बिल शोधून प्रोसेसर वॉरंटीत बदलून मागा.