चित्राची फाइल ठेवायची कुठे? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वेब अ‍ॅप्लिकेशन लहान असलं तरी त्यात फोटो आले की एक वाद हमखास निघतो: चित्र डेटाबेसमध्ये ठेवायचं की फोल्डरमध्ये? दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे बोलतात. पण त्यांची उत्तरं त्या त्या काळच्या यंत्रांतून आलेली आहेत. तो काळ न पाहता नियम तेवढा उचलला, तर तो आपल्या कामाला लागू पडेलच असं नाही.

फेब्रुवारी १९९३ मध्ये ‘मोझॅक’ या सुरुवातीच्या ब्राउझरचे एक कर्ते मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र दाखवण्यासाठी ‘आयएमजी’ हा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली खूण, सुचवला. पानात चित्र भरलेलं नसतं, फक्त त्याचा पत्ता असतो. ब्राउझर तो वाचून चित्र वेगळं मागवतो. त्या वेळी चित्रं साइटचा मालकच सर्व्हरवर टाकत असे, त्यामुळे फोल्डर पुरेसा होता. नोव्हेंबर १९९५ च्या आरएफसी १८६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने फॉर्ममधून फाइल पाठवण्याची रीत मांडली आणि परिस्थिती बदलली. आता अनोळखी माणसाची फाइल आपल्या डिस्कवर येऊ लागली. कुणी फोटोच्या जागी पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, फाइल चढवली आणि अपलोडचा फोल्डर सर्वांसाठी उघडा असला, तर सर्व्हर ती इमानेइतबारे चालवतो. म्हणून फाइलला नाव आपणच द्यायचं, आतला मजकूर तपासायचा आणि त्या फोल्डरमध्ये कोड चालू द्यायचा नाही. हे तिन्ही आजही तितकंच गरजेचं आहे.

डेटाबेसच्या बाजूचा मुद्दा मला कायम वजनदार वाटत आला आहे. चित्राची माहिती असलेली नोंद आणि चित्र एकाच व्यवहारात (दोन्ही होतात किंवा एकही होत नाही अशा रीतीने) जतन होतात, एकत्र पुसले जातात आणि बॅकअपही एकच घ्यावा लागतो. विरोधात सांगितलं जायचं की डेटाबेस फुगतो आणि मंदावतो. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका अहवालात रसेल सीअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी हे मोजून पाहिलं. त्यांच्या मांडणीत २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरांत. मधल्या आकारांत मात्र वस्तू किती वेळा बदलली जाते त्यावर बरंच अवलंबून होतं, कारण वारंवारच्या बदलांनी साठा विस्कळीत होतो. पुढे एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसच्या कर्त्यांनी सुमारे १० केबीच्या लघुचित्रांवर चाचणी केली. त्यात डेटाबेसमधून वाचणं सुट्या फाइलींपेक्षा ३५ टक्क्यांच्या आसपास वेगवान निघालं. कारण साधं आहे: प्रत्येक सुटी फाइल उघडावी आणि बंद करावी लागते, डेटाबेस एकदाच उघडतो.

फोल्डरलाही मर्यादा असते. फेसबुकच्या जुन्या व्यवस्थेत एका फोल्डरमध्ये हजारो फोटो होते, तेव्हा एक फोटो काढायला डिस्ककडे दहाहून जास्त फेऱ्या होत. फोल्डर लहान केल्यावरही साधारण तीन उरल्या. यातून ‘हेस्टॅक’ ही साठवणीची व्यवस्था जन्माला आली: अनेक फोटो एकाच मोठ्या फाइलमध्ये आणि कोणता कुठे आहे त्याची सूची मेमरीत. २०१० च्या त्यांच्या शोधनिबंधात २६,००० कोटी चित्रांचा आकडा आहे. लहान अ‍ॅपला हे काहीच नको. उपफोल्डर पाडले की झालं.

अ‍ॅमेझॉनची एसथ्री ही इंटरनेटवरून फाइली साठवून देणारी सेवा मार्च २००६ मध्ये आली. दुसऱ्यांची अ‍ॅप चालवून देणाऱ्या हेरोकूसारख्या सेवेवर अ‍ॅप पुन्हा सुरू झालं की डिस्कवरचं लिखाण पुसलं जातं, त्यामुळे चित्रं बाहेर ठेवणं तिथे सक्तीचंच झालं. भारतातल्या विकासकांना आधी अ‍ॅमेझॉनचं सिंगापूरचं सर्व्हर-केंद्र जवळचं होतं, मुंबईचं जून २०१६ मध्ये सुरू झालं. एव्हाना काही काळाचीच परवानगी असलेला, सर्व्हरने डिजिटल स्वाक्षरी केलेला वेब-पत्ता देऊन ब्राउझरकडून फाइल थेट साठ्यात चढवण्याची पद्धत रुळली होती. अ‍ॅपच्या सर्व्हरवरचा भार उतरतो. पण डेटाबेसने जे एकत्र बांधलं होतं ते इथे सुटतं: फाइल चढते आणि नोंद होत नाही, किंवा नोंद पुसली जाते आणि फाइल राहते. ही व्यवस्था निवडणाऱ्याने बेवारस फाइली शोधून काढणारं एक नियमित काम पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं.