लघवीला सारखं लागतंय, म्हणजे दिवस गेलेत का?

आमच्या मेडिकलमधून गर्भतपासणीचं किट नेणाऱ्या ताई-वहिनींसाठी

किट मागताना पुष्कळ जणी हळूच सांगतात, "दोन दिवस झाले, सारखं लघवीला जावं लागतंय." दिवस गेल्यावर असं होतं, हे खरं. अंगातलं रक्त वाढतं, मूत्रपिंडांचं काम वाढतं, लघवी जास्त तयार होते. पण हे बहुतेक जणींना पाळी चुकल्यानंतरच जाणवतं. संबंधानंतर तीन-चार दिवसांतच फेऱ्या वाढल्या, तर कारण दुसरं शोधा. गर्भ गर्भाशयात रुजायलाच बीज फळल्यापासून साधारण ६ ते १० दिवस लागतात.

आपल्याकडे दुसरं कारण बहुधा उन्हाळी लागणं हेच असतं. ऊसतोडीला गेलेल्या, कापूस वेचणाऱ्या बायकांना आडोसा मिळत नाही. म्हणून त्या पाणीच कमी पितात, लघवी दाबून धरतात, आणि जंतुसंसर्ग होतो. थेंब थेंब लघवी, जळजळ, ओटीपोटात दुखणं ही त्याची खूण. ताप, थंडी किंवा कमरेच्या वर पाठीत दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दिवस गेलेले असताना हा संसर्ग अंगावर काढणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं आहे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. तहानही फार लागत असेल तर रक्तातली साखर तपासा.

किट पाळीची तारीख चुकल्यावरच वापरा. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि तिथे दिलेल्या वेळातच बघा. 'सी' आणि 'टी' दोन्ही रेघा आल्या तर दिवस गेलेत. 'टी'ची रेघ फिकट असली तरी बहुधा तेच समजायचं. तासाभराने उमटलेली रेघ धरू नका. एकच 'सी' आली आणि पाळीही येत नसेल तर आठवड्याने पुन्हा करा. मीठ, साखर, टूथपेस्ट टाकून फेस बघण्याने काहीच कळत नाही.

संबंधानंतर लगेच लघवी केली की गर्भ राहत नाही, हा समज आम्ही फार ऐकतो. लघवीची वाट आणि योनीमार्ग वेगळे आहेत, त्यामुळे काही धुऊन जात नाही. मूल हवं असलेल्यांनीही लघवी रोखून, पाय वर करून पडून राहायची गरज नाही. थोडं वीर्य बाहेर येतंच. शुक्रजंतू आत ५ दिवसांपर्यंत जगू शकतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. म्हणून "अमुक एकाच दिवशी राहतं" हा हिशेबही चुकतो. बाळ अंगावर पितंय म्हणून निर्धास्त राहू नका. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर, आणि पाळी अजून आलेली नाही, हे तिन्ही असेल तरच त्याचा भरवसा.

दिवस गेल्याचं कळल्यावर पोटात एका बाजूला जोराचं दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली तर थांबू नका, १०८ ला फोन करा. बाकीच्यांनी आशाताईंकडे नाव नोंदवा. त्यांच्याकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणीही मोफत होते.

गर्भपाताच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. किट मात्र कुणालाही मिळेल. तोंडाने मागायला अवघड वाटलं तर कागदावर लिहून द्या, आम्ही गुंडाळून देऊ.