एका रबरी कातडीचे पाच अवतार

१९६६च्या जुलैपासून जपानच्या टीबीएस वाहिनीवर दर रविवारी संध्याकाळी सात वाजता एक रुपेरी-लाल वीर महाकाय राक्षसांना लोळवू लागला. ‘अल्ट्रामॅन’चे ते भाग आज पाहताना रबराच्या घड्या दिसतात, कोसळणाऱ्या इमारती खेळण्यातल्या वाटतात. पण ते करणारे हात कच्चे नव्हते. निर्मिती होती एइजी त्सुबुराया यांच्या कंपनीची, आणि १९५४च्या ‘गॉडझिला’ची विशेष दृश्यं याच त्सुबुरायांनी उभी केली होती.

अडचण होती वेळेची. त्याआधीची ‘अल्ट्रा क्यू’ ही कृष्णधवल मालिका प्रसारणापूर्वीच चित्रित करून ठेवली होती. ‘अल्ट्रामॅन’ रंगीत, आणि चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम पुढे. दर आठवड्याला नवा राक्षस आणायचा कुठून?

मग जुने पोशाख कामाला आले. तोहो स्टुडिओने १९६५च्या एका चित्रपटासाठी बारागॉन नावाच्या राक्षसाचा पोशाख बनवला होता. त्याचाच आधी ‘अल्ट्रा क्यू’मध्ये पागोस झाला, मग ‘अल्ट्रामॅन’मध्ये वीज खाणारा नेरोंगा, त्यानंतर मागुलार, आणि शेवटी डोक्याभोवती पाकळ्यांसारखी झाकणं मिटून घेणारा गाबोरा. १९६८मध्ये तो पुन्हा बारागॉन बनून चित्रपटात परतला. दहाव्या भागातला जिराहस तर सरळसरळ गॉडझिलाच, फक्त गळ्याभोवती भलीमोठी झालर. लढता लढता अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि समोर उरतो ओळखीचा गॉडझिला! आत होते हारुओ नाकाजिमा, म्हणजे पहिल्या चित्रपटापासून गॉडझिला साकारणारे कलाकार. मला हा प्रसंग सगळ्या मालिकेत सर्वांत लाडका आहे.

राक्षसांची रूपं आखणारे तोरू नारिता शिल्पकलेचं शिक्षण घेतलेले, तर त्यातले बरेच पोशाख घडवणारे र्‍योसाकू ताकायामा मूळचे चित्रकार. नुसता एखादा प्राणी मोठा करून दाखवायचा नाही आणि फाटलेलं, रक्तबंबाळ शरीर तर नाहीच, हा नारितांचा दंडक. म्हणून ते राक्षस स्वस्तातले असले तरी ओंगळ वाटत नाहीत. कॅमेऱ्यातली फिल्म नेहमीपेक्षा वेगाने फिरवली जाई. ती नेहमीच्या वेगाने दाखवली की पडद्यावर हालचाल संथ होई आणि माणसाच्या उंचीच्या पोशाखाला डोंगराचं वजन येई.

नायकाच्या पोशाखात बिन फुरुया. मुखवट्याच्या डोळ्यांखाली पाडलेल्या बारीक भोकांतून जेवढं दिसेल तेवढ्यावर त्यांची सगळी लढाई. पहिल्या १३ भागांतला मुखवटा मऊ होता, कारण तोंड हलवून दाखवायचा बेत होता. त्याच्या गालांवर सुरकुत्या पडत, म्हणून पुढे तो बदलला.

प्रेक्षकसंख्या सरासरी ३६ टक्क्यांच्या पुढे असतानाच ९ एप्रिल १९६७ला ३९व्या भागानंतर मालिका थांबली. चित्रीकरण वेळापत्रकाला पुरं पडेना. पुढची ‘अल्ट्रासेव्हन’ ऑक्टोबरमध्ये आली, तोवर रविवारची ती वेळ दुसऱ्या कंपनीच्या मालिकेने सांभाळली.